खोटा जबाब देऊ नका, आणि त्या मुलीच्या दारात जाऊ नका

वकीलताई,

आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. माझे यजमान गेली बारा वर्षं घरीच आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेतात. तीन आठवड्यांपूर्वी पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. आमच्याच सोसायटीतल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या आईने फिर्याद दिली आहे, की शिकवणी सुटल्यावर ते तिला थांबवून घ्यायचे आणि नको तिथे हात लावायचे, दिवाळीपासून बऱ्याचदा. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम १० आणि १२ लावलंय. आता ते येरवड्याला आहेत. ते म्हणतात, मी काही केलेलं नाही.

मोठे भाऊजी म्हणतात की मुलीच्या घरी जाऊन पाया पडू, चार पैसे देऊ आणि केस मागे घ्यायला लावू. आणि मी जबाब द्यायचा, की शिकवणी संपेपर्यंत मी रोज त्याच खोलीत बसलेली असायचे. पण ताई, मी त्या खोलीत नसायचे. सोसायटीच्या ग्रुपवर भाऊजींनी त्या बाईविषयी काहीबाही लिहिलंय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती शाळेतून रडत येते. पुढे काय होणार, किती वर्षं चालणार, मी कोणावर विश्वास ठेवू, काही कळत नाही.

– एक वाचक, पुणे

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘मी त्या खोलीत नसायचे.’ घरात इतकं सगळं कोसळलेलं असताना, सगळे एका बाजूला ओढत असताना, तुम्ही हे वाक्य लिहिलंत. येत्या काही वर्षांत तुम्हाला पुष्कळ लोक पुष्कळ काही शिकवतील. तेव्हा हेच वाक्य धरून राहा. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं, आणि त्यापुढे एक अक्षरही नाही.

भाऊजींना वाटतं की घरच्या बाईने एवढं म्हटलं की केस संपली. कोर्टात असं होत नाही. शिकवणीला इतरही मुलं होती, त्यांचे जबाब होतील. गेटवर नोंदवही असते, जिन्यात कॅमेरा असतो, तुम्ही संध्याकाळी मंडईत गेलात तर फोनवरून पैसे दिल्याची नोंद राहते. ‘रोज त्याच खोलीत’ हे वाक्य उलटतपासणीत पाच मिनिटं टिकणार नाही. आणि ते पडलं की तुमच्या यजमानांच्या बाजूचं जे काही खरं असेल, तेही त्याच्याबरोबर पडेल. न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. एका मुलीची आई असलेल्या बाईला हे करायला सांगणं मला फार निर्दय वाटतं, सांगणारा कितीही घरचा असला तरी.

पोलीस तुमचा जबाब घेतीलच. त्यासाठी तुम्हाला चौकीवर बोलावता येत नाही. महिला साक्षीदाराचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यायचा असतो. त्या जबाबावर तुमची सही घेत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा ‘इथे सही करा’ असं कोणी म्हणालं तर आधी वकिलाला फोन लावा. जबाब वाचून दाखवा म्हणावं, चुकीचं काही असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावं. आणखी एक गोष्ट बहुतेक बायकांना ठाऊक नसते. लग्नाच्या नात्यात नवऱ्याने तुम्हाला विश्वासाने जे सांगितलं, ते कोर्टात सांगायला तुम्हाला भाग पाडता येत नाही. साक्ष अधिनियमात तसं संरक्षण आहे. पण ते फक्त बोलण्याला आहे. डोळ्यांनी जे दिसलं, कोण किती वाजता आलं-गेलं, दार उघडं असायचं की लोटलेलं, हे विचारलं तर खरं ते सांगावं लागेल. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. त्यात काही कमीपणा नाही.

आता पाया पडायला जाण्याविषयी. जाऊ नका. तुम्ही नाही, सासूबाई नाहीत, भाऊजी तर मुळीच नाहीत. दोन्ही घरांना चांगलं ओळखणाऱ्या कुणाला मध्यस्थ म्हणूनही पाठवू नका. मला कळतं, त्या बाईशी तुमचं येणं-जाणं असणार. संक्रांतीचं वाण, विरजणाची वाटी, मुलींचे एकत्र वाढदिवस. उठून जावं आणि दोन शब्द बोलावे असं मनात येणारच. पण आज तुम्ही तिच्या दारात उभ्या राहिलात तर तिला मैत्रीण दिसणार नाही, आरोपीची बायको दिसेल. आत त्या मुलीला वाटेल की मी बोलले म्हणून हे सगळं झालं. पैसे देऊन किंवा धाक घालून साक्ष फिरवायचा प्रयत्न हा वेगळा गुन्हा होतो. धमकी दिली तर त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि मिळालेला जामीन जाण्याचा याहून सरळ रस्ता दुसरा नाही.

शिवाय त्यातून मिळणार काहीच नाही. पॉक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. फिर्याद आईने दिली असली तरी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, ‘मागे घेते’ म्हणण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. राजस्थानात एका शिक्षकाच्या प्रकरणात नेमकं भाऊजी म्हणतात तसंच झालं होतं. मुलीच्या वडिलांनी मुद्रांक कागदावर लिहून दिलं, की गैरसमज झाला होता, आता कारवाई नको. तिथल्या उच्च न्यायालयाने त्यावरून गुन्हा रद्दही केला. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खटला चालू ठेवायला लावला. असे गुन्हे दोन कुटुंबांमधला खासगी मामला नाहीत, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. हे भाऊजींना वाचून दाखवा.

त्या ग्रुपवरच्या मेसेजचंही तसंच. पीडित मुलाची ओळख उघड होईल असं कुठल्याही माध्यमात छापणं किंवा पसरवणं याला पॉक्सोच्या कलम २३ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. नाव लिहायलाच हवं असं नाही. आईचं नाव, इमारत, मजला, एवढ्यावरून सगळ्यांना कळतं. भाऊजींनी आणखी काही लिहू नये, आणि लिहिलंय त्याचं काय करायचं ते वकिलाला दाखवून ठरवावं. यजमानांचा फोन, लॅपटॉप, शिकवणीचा हजेरीपट यांतलं काहीही पुसू नका, फाडू नका. पोलिसांनी अजून नेलं नसेल तर जसं आहे तसं राहू द्या. पुरावा नाहीसा करणं हाही गुन्हा आहे. आणि हजेरीपटातली एखादी नोंद कदाचित तुमच्याच यजमानांच्या कामाची असेल.

पुढे काय होईल ते सांगते. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे आणि त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. कलम ७ म्हणजे लैंगिक हेतूने केलेला स्पर्श. तोच स्पर्श विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने केला, किंवा पुन्हा पुन्हा केला, तर तो कलम ९मध्ये जातो आणि कलम १० खाली शिक्षा पाच ते सात वर्षं आणि दंड. पाच वर्षं हे किमान आहे. गुन्हा सिद्ध झाला तर न्यायाधीशांनाही त्याखाली जाता येत नाही. कलम १२ लैंगिक छळाचं, त्याला तीन वर्षांपर्यंत. ‘नुसता कपड्यावरून हात लागला, त्यात काय’ असं तुम्हाला कोणी सांगेल. नागपूर खंडपीठाचा तसा एक निकाल जानेवारी २०२१मध्ये आला होता. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्वचेला त्वचा लागली की नाही हा प्रश्नच नाही, हेतू काय होता हे पाहायचं, असं सांगितलं. त्या जुन्या निकालाच्या आशेवर राहू नका.

तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो. या कलमांत अटकेनंतर साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. दाखल झालं तर त्याची प्रत, सगळ्या जबाबांसकट, त्यांना विनामूल्य मिळते. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका, असे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत. वकिलामार्फत प्रत मिळेल. जामिनाचा अर्ज मात्र त्याआधीही शिवाजीनगरच्या विशेष न्यायालयात करता येतो, आणि तिथे नाही मिळाला तर मुंबई उच्च न्यायालयात.

जामिनाच्या सुनावणीची खबर मुलीच्या कुटुंबाला द्यावी लागते. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे बजावून सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. त्याचा राग मानू नका. जामीन मिळालाच, तर मुलगी त्याच सोसायटीत राहते म्हणून यजमानांनी त्या भागात पाऊलही टाकायचं नाही अशी अट घातली जाण्याची शक्यता मोठी. म्हणजे जामीन मिळाला तरी ते घरी येतीलच असं धरू नका. कुठे राहतील, तिथे भाडं कोण भरेल, याचा विचार भाऊजींनी आत्ताच करावा. ते करत असलेल्या धावपळीपेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

खटल्याचं म्हणाल तर कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलीची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात निकाल लागावा. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त काळ जातो. मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे, आणि तारखांनी दोन्ही घरं झिजताना पाहिली आहेत. तुम्ही वर्षांच्या हिशेबाने मनाची आणि पैशांची तयारी ठेवा.

सुनावणी बंद दालनात होईल. भाऊजींच्या डोक्यात सिनेमातलं कोर्ट असेल, की आपला वकील मुलीला पिंजऱ्यात उभी करून सोलून काढेल. तसं करायला कायदाच परवानगी देत नाही. आरोपीच्या वकिलाने आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलीला विचारायचे, अशी पद्धत आहे. साक्ष देताना तिला आरोपी दिसणार नाही अशी व्यवस्था करायची, पडदा लावून किंवा व्हिडिओवरून. तिच्यासोबत विश्वासातलं माणूस असू शकतं. बालकल्याण समितीने दिलेली मदतनीस व्यक्तीही असू शकते. हे सगळं ‘त्यांच्या बाजूने’ आहे असं तुम्हाला आज वाटेल. जरा थांबून विचार करा. त्या तेरा वर्षांच्या मुलीने आधी आईला सांगितलं, मग साध्या कपड्यांतल्या महिला पोलिसाला, मग डॉक्टरला, मग बहुधा दंडाधिकाऱ्यांनाही. आता एकदा न्यायाधीशांपुढे सांगायचंय. कोणाच्याही लेकरावर ही वेळ येऊ नये, आणि आली तर त्याला इतकी तरी ओल मिळावी.

एक गोष्ट तुमच्या यजमानांच्या वकिलाला पुरती माहीत असेल, तुम्हालाही असावी. एरवी आरोपी निर्दोष मानून खटला सुरू होतो. पॉक्सोत कलम २९ आहे. कलम ७, ९ यांसारख्या गुन्ह्यांत आरोपीनेच ते केलं असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नाही हे त्याला दाखवावं लागतं. याचा अर्थ सरकारी पक्षाने हात बांधून बसायचं असा नाही. मूळ घटना आधी त्यांनीच उभी करावी लागते, हे उच्च न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. पण ‘पुरावाच नाही, एकटी मुलगीच तर सांगतेय’ हा बचाव नव्हे. विश्वासार्ह असेल तर एकट्या मुलाची साक्षही शिक्षेला पुरते. ‘इतके महिने गप्प का होती’ हाही नाही. मुलं उशिरा बोलतात हे न्यायालयांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच चांगला, सरळ वकील हवा. गप्पा मारणारा, ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणणारा नको. बचावाचा अधिकार तुमच्या यजमानांना पूर्ण आहे, तो मन लावून, खरेपणाने वापरला जावा असं मला मनापासून वाटतं. अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि स्त्री म्हणून तुम्हालाही मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा देशभरचा क्रमांक. दागिने मोडण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

शिक्षा झाली तर उच्च न्यायालयात अपील आहे. पण शिकवण्यांचं दार तेव्हा मिटलेलं असेल. मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी लागते, आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या दोषींची राष्ट्रीय नोंद २०१८पासून पोलिसांकडे आहे. ती लोकांना पाहता येत नाही, पोलिसांना येते. खटला चालू असताना पासपोर्टसाठीही न्यायालयाची परवानगी लागेल. निर्दोष सुटले तरी खरं सांगते, सोसायटीतले सगळे चेहरे पूर्वीसारखे होणार नाहीत. घरातल्या शिकवण्या आता बंदच समजा आणि उत्पन्नाचा दुसरा मार्ग या महिन्यातच शोधायला लागा. कर्जाचा हप्ता त्यांच्या खात्यातून जात असेल तर बँकेत जाऊन बोला. मुखत्यारपत्र लागलं तर वकिलामार्फत तुरुंगात सही घेता येते.

‘मी कोणावर विश्वास ठेवू’ असं तुम्ही विचारलंत. ताई, या महिन्यात ते ठरवायची गरज नाही. बायको म्हणून तुम्ही डबा-कपडे घेऊन तुरुंगात त्यांना भेटायला गेलात, वकील पाहिलात, तर त्याने तुम्ही त्या मुलीच्या विरोधात गेलात असं होत नाही. आणि मनात शंका आली तर त्याने तुम्ही नवऱ्याशी बेइमान होत नाही. ‘मुली हल्ली पैशासाठी अशा केसेस करतात’ असं तुमच्यापुढे बोललं जाईल. खोटी फिर्याद देणाऱ्या मोठ्या माणसाला पॉक्सोतच शिक्षा आहे. मुलाला नाही, ते मूल आहे म्हणून. पण तेरा वर्षांची मुलगी इतकं सगळं ओढवून घेईल कशासाठी, हा प्रश्न स्वतःला विचारायची हिंमत ठेवा. मी उत्तर देत नाही. उत्तर पुराव्यातून येईल, आणि ते यायच्या आत तुम्ही कोणाच्याही बाजूने शपथ घेऊ नका.

आता तुमच्या लेकीचं. मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटते. ती त्याच घरात होती. तिला बसवून ‘बाबांनी तुला कधी काही केलं का’ असं विचारू नका. असा प्रश्न मुलाला एक तर घाबरवतो, नाही तर उत्तर शिकवतो. बाललैंगिक विषयात काम केलेल्या समुपदेशकाकडे तिला घेऊन जा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केलात तर कुठे जायचं ते सांगतील. तिने कधी आपणहून काही सांगितलं, तर शांतपणे ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढंच म्हणा, खोदून विचारू नका. आणि ते दडपू नका. पॉक्सोच्या कलम १९ने अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आईवरही. तसं काही नसेलच, तर समुपदेशकाशी बोलून ती हलकी होईल. शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून एवढंच सांगा की घरी अडचण आहे, हिला कोणी टोचून बोलू नये याकडे लक्ष ठेवा. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.

तिने आज विचारलं, बाबा कुठे आहेत, तर ‘गावाला गेलेत’ म्हणू नका. शाळेतल्या मुलांनी तिला आधीच काहीतरी सांगितलेलं आहे, म्हणून तर ती रडत येते. तिला म्हणा: बाबांवर एका मोठ्या चुकीचा आरोप आहे, तो खरा आहे का हे न्यायाधीश तपासताहेत, तोवर ते तुरुंगात राहणार आहेत. तुझी यात काही चूक नाही. त्या ताईविषयी आपण घरात वाईट बोलायचं नाही. आणि ती जे काही विचारेल, त्यातलं माहीत नसेल ते ‘मला अजून माहीत नाही, कळलं की सांगेन’ असंच सांगा.